चांदी तीच, शिक्का नवा!

मुलांनो, पुण्याच्या मार्केट यार्डात तुम्ही कधी गेला आहात का? आईबरोबर भाजी आणायला नव्हे हं, भुसार बाजारात? तिथे शिरलं की आधी नाकाला कळतं. गुळाचा गोड वास, हळदीचा उग्र वास, आणि मिऱ्यांच्या पोत्याजवळून गेलात तर हमखास शिंक! आमची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील तिथे हमाल आहेत, कुणाचे तोलणार आहेत, कुणाची आई पालेभाजीच्या जुड्या बांधते. त्यामुळे आमच्या वर्गात गणितंसुद्धा क्विंटल आणि आडतीचीच असतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. चौथीतला एक मुलगा सुट्टीला जुन्नर तालुक्यातल्या आपल्या गावी गेला होता. शाळा सुरू झाली त्या दिवशी त्याने कंपासपेटीतून एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. काळ्या दोऱ्यात ओवलेलं चांदीचं एक छोटं नाणं. शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडंसंच मोठं. गळ्यात घालता यावं म्हणून त्याला कुणीतरी कडी डागून दिलेली.

“बाई, आजोबांनी दिलंय. शिवाजी महाराजांच्या काळातलं आहे का?”

मी नाणं खिडकीजवळ नेलं. एका माणसाचा चेहरा, बाजूने पाहिलेला. धारदार नाक. कडेला अक्षरं होती, पण बरीच पुसट. आजी दर दिवाळीला ते रांगोळीने घासून लख्ख करायची ना! तरी चार अक्षरं लागली : एन, ए, एच, ए. अगदी आपल्या इंग्रजी पुस्तकातल्यासारखी! गालावर मात्र कसले तरी अर्धगोल उठले होते, फुटक्या बांगडीच्या तुकड्यांसारखे. मला वाटलं, पोचे असतील.

आणि मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, “अरे, हे तर रोमन नाणं! फार दुर्मिळ!” फळ्यावर तसं लिहिलंसुद्धा.

झालं! संध्याकाळपर्यंत बातमी अख्ख्या बाजारात. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत आले. गाळ्यावरच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, “विकून टाक, लाखाला जाईल.” आता मात्र माझ्या पोटात गोळा आला. आपण नीट न तपासता बोललो की काय? म्हणून रविवारी मी, तो मुलगा आणि त्याचे वडील असे तिघं एका जाणकारांकडे गेलो. जुन्या नाण्यांचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, नाणं उलटंसुलटं केलं आणि हसून म्हणाले, “बाई, तुम्ही अर्ध्या बरोबर आहात आणि अर्ध्या चूक.”

मी कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले? तीच तर आजची गोष्ट आहे.

रोमचा रुपया

रोमन लोकांच्या चांदीच्या नाण्याला ‘दिनारिअस’ म्हणत. सुमारे २२०० वर्षांपूर्वी ते सुरू झालं. सम्राट ऑगस्टसच्या काळात त्याचं वजन सुमारे ३.९ ग्रॅम होतं आणि चांदी जवळजवळ शुद्ध. रोमन सैन्यातल्या साध्या शिपायाला तेव्हा वर्षाला २२५ दिनारिअस पगार मिळे.

एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एखादं चित्र. ऑगस्टसच्या एका प्रसिद्ध नाण्यावर त्याचे दोन नातू, गायस आणि लुसियस, ढाली-भाले घेऊन उभे आहेत. त्याच्यानंतर आलेल्या टायबेरिअसच्या नाण्यावर हातात डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आहे. ही दोन्ही नाणी दक्षिण भारतात, कोइमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात पुष्कळ सापडली आहेत. शेतात नांगर लागावा आणि मडक्यातून रोमचा सम्राट बाहेर यावा, असं तिकडे अनेकदा घडलं.

पण ती इथे आली कशी? तर आपल्या मार्केट यार्डात पैसा येतो तशीच. मालाच्या बदल्यात!

जुलैच्या सुमारास इजिप्तच्या बंदरांतून जहाजं निघत. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा शिडात भरला की ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला लागत. दोन-तीन महिने खरेदी-विक्री करायची आणि हिवाळ्यात वारा उलटा वाहू लागला की परत फिरायचं. केरळातून मिरी जात, गुजरात-महाराष्ट्रातून सुती कापड, पिंपळी, हस्तिदंत आणि रंगीत खडे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तर तक्रारच केली आहे की, भारत दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स खेचून घेतो! चार सेस्टर्सचा एक दिनारिअस. म्हणजे किती दिनारिअस झाले? पेन्सिल घ्या बघू. सव्वा कोटी!

आपण वरणात चिमूटभर टाकतो ती मिरी एका साम्राज्याच्या तिजोरीला महाग पडत होती.

महाराष्ट्रात ती का सापडत नाहीत?

आता गंमत ऐका. दक्षिणेत रोमन चांदीची नाणी मडकी भरभरून सापडतात, पण महाराष्ट्रात फारच थोडी. मग आपल्याकडे रोमन व्यापारी आलेच नव्हते का?

आले होते ना! सुमारे १९५० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही, पण माणूस पक्का बाजारातला! कुठल्या बंदरात काय खपतं, काय स्वस्त मिळतं, हे सगळं त्याने टिपून ठेवलं आहे. त्यात आपलं सोपारा आहे, कल्याण आहे. ‘पैठण’ आहे आणि ‘तगर’ म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेरही आहे. पैठणहून रंगीत खडे आणि तेरहून कापड गाड्यांमध्ये भरून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरात जात असे, असं तो लिहितो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती सापडली. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. म्हणजे माल आला, माणसंही आली.

मग चांदी गेली कुठे? उत्तराचा धागा त्याच वहीत आहे. व्यापारी लिहितो की, भडोचला रोमचे सोन्याचांदीचे दिनारिअस न्यावेत, तिथल्या नाण्यांशी बदलताना फायदा होतो. भडोचवर तेव्हा राज्य होतं नहपान नावाच्या क्षत्रप राजाचं. हे क्षत्रप मूळचे शक, वायव्येकडून आलेले. नहपानाचा अंमल गुजरातपासून नाशिक, जुन्नरपर्यंत पसरला होता. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा शिलालेख आजही आहे.

या नहपानाने चांदीची नाणी पाडली, तीही हजारांनी. पण त्याच्या राज्यात चांदीच्या मोठ्या खाणी कुठे होत्या? म्हणून अनेक अभ्यासक मानतात की, बंदरात आलेले रोमन दिनारिअस मुशीत वितळले आणि त्यातून नहपानाची नाणी बाहेर पडली. पाहुण्याने आणलेले पेढे आपण आपल्या डब्यात भरून ठेवतो, तसंच म्हणा ना!

चेहरा कुणाचा, अक्षरं कुणाची?

आता त्या मुलाच्या नाण्याकडे वळू. जाणकारांनी भिंग माझ्या हातात दिलं.

“चेहरा बघा. रोमन सम्राटाच्या डोक्यावर बहुधा पानांचा मुकुट असतो. इथे डोक्याला पट्टा बांधलेला आहे. वजन बघा, सुमारे दोन ग्रॅम. दिनारिअसच्या निम्मं. आणि ही अक्षरं इंग्रजी नव्हेत, रोमनही नव्हेत. ही ग्रीक लिपी आहे.”

“मग लिहिलंय काय?”

“तुम्ही वाचलंत ना! न-ह... नहपान!”

मी थक्कच झाले. शक राजा, मराठी मुलूख, रोमन धाटणीचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं! नहपानाच्या नाण्यावर त्याचं नाव तीन लिप्यांमध्ये असे : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. आपल्या नोटेवर अनेक भाषांत किंमत लिहिलेली असते, तसंच. नाणं ज्या ज्या बाजारात जाईल तिथल्या माणसाला ते आपलं वाटायला हवं, नाही का?

आणखी एक मौज. नहपानाच्या सगळ्या नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तो तरुण दिसतो, कुठे म्हातारा, कुठे नाक सरळ तर कुठे बाकदार. त्यामुळे काहींना वाटतं की, शिक्के कोरणाऱ्या कारागिरांनी राजाला समोर बसवून नव्हे, तर रोमन नाणी समोर ठेवून चेहरे कोरले असावेत.

म्हणजे मी ‘रोमन’ म्हटलं ते अगदीच वाया गेलं नव्हतं. तरीही ते चूकच होतं. सोमवारी मी वर्गात तसं सांगितलं आणि फळ्यावर नव्याने लिहिलं. मुलांना त्याचाच जास्त आनंद झाला. बाईसुद्धा चुकतात!

गालावरचा डोंगर

पण ते फुटक्या बांगडीसारखे अर्धगोल? ते पोचे नव्हतेच. नीट पाहिल्यावर दिसलं, एकावर एक रचलेल्या कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ. मागच्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. ही खूण होती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची!

नहपान आणि सातवाहन यांच्यात हाडवैर होतं. वैर जमिनीसाठी होतंच, पण बाजारासाठीही होतं. पेरिप्लसचा व्यापारी सांगतो की, कल्याण बंदराचा व्यापार पुढे अडवला गेला, आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. विचार करा, मार्केट यार्डाकडे निघालेला टोमॅटोचा ट्रक कुणी वाटेतच वळवून दुसऱ्या बाजारात नेला तर इथल्या आडत्यांचं काय होईल?

शेवटी गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याची आई बलश्री हिने कोरवलेला लेख आहे. त्यात आपल्या मुलाने क्षहरात घराण्याचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, समूळ उच्छेद केला असं ती अभिमानाने सांगते.

आई मुलाचं कौतुक करणारच हो! पण पुरावा? तो मिळाला १९०६ साली. नाशिकजवळ, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाशी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यातली १३,२५० नाणी तपासली गेली. सगळी नहपानाची. आणि त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला! जिंकलेल्या राजाची नाणी वितळवत बसायला वेळ कुणाला? जुनं नाणं दोन नव्या शिक्क्यांमध्ये धरायचं आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. झालं नवं नाणं. घाव नीट बसला नाही तर खालून जुन्या राजाचं नाक डोकावतंच. आमच्या मुलाच्या नाण्यावर डोकावत होतं तसंच.

जुन्नरच्या त्या इवल्याशा नाण्यात कदाचित रोमची चांदी होती, नहपानाचा चेहरा होता आणि वर गौतमीपुत्राचा डोंगर होता. चांदी तीच. तिचा धनी मात्र बदलत गेला.

दोन हजार वर्षांपूर्वीचं व्याजाचं गणित

या नाण्यांनी लोक काय करत? त्याचा हिशेबही दगडावर कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात आहेत. त्या काळी चांदीच्या नाण्याला ‘कार्षापण’ म्हणत. उषवदाताने गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. व्याज महिन्याला शेकडा एक. मूळ रक्कम मोडायची नाही. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

हे गणित मी चौथीला घातलं. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२? बरोबर २४०! एक पैचाही फरक नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तेव्हा पण दिवाणजी हुशार होते!”

दुसऱ्या एका हिशेबात तो म्हणतो की, ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण. मग सोन्याच्या एका नाण्याला चांदीची किती नाणी पडत? हे तुम्हीच काढा.

पैंजणांची गोष्ट

आता त्या नाण्याचं पुढे काय झालं, ते सांगते.

काही दिवसांनी मुलाचे आजोबा पुण्याला आले. मी त्यांना विचारलं, “बाबा, हे एकच नाणं सापडलं होतं का?”

“एक कुठलं? ओंजळभर होती की. मी लहान होतो. नांगराला मडकं लागलं अन् फुटलं. वडलांनी सोनाराला दिली. थोरल्या बहिणीची पैंजणं केली. हे एक तेवढं मला गळ्यात घातलं.”

आम्ही सगळे गप्प झालो. त्यात त्यांची काय चूक? घरात लग्न होतं, चांदी हाती आली होती. शतकानुशतकं सगळ्यांनी तेच केलं. नहपानाने तरी दुसरं काय केलं? पण विचार करा. जोगलटेंभीची नाणीही अशीच सोनाराच्या मुशीत गेली असती तर? गौतमीपुत्राच्या विजयाचा एवढा मोठा पुरावा पैंजण होऊन वाजत राहिला असता. बोलला मात्र नसता!

त्या ओंजळीत किती नाणी होती, कितींवर डोंगर होता आणि किती कोरी नहपानाची होती, हे आता कधीच कळणार नाही. एकट्या नाण्याला चेहरा असतो. ते कुठे, कशात आणि कुणाबरोबर सापडलं हे कळलं, तर त्याला वाचा फुटते.

“बाई, पण लाख म्हणत होते...” मुलाचे वडील हळूच म्हणाले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाने ते म्हणणं साहजिक होतं. मी त्यांना कायदा समजावून सांगितला. १८७८ सालापासून आपल्याकडे गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत सापडलेली जुनी मौल्यवान वस्तू परस्पर विकता किंवा वितळवता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवणाऱ्याचा हक्क कायद्याने मानला आहे, लपवणाऱ्याला मात्र शिक्षा आहे. ते बराच वेळ नाण्याकडे बघत राहिले. मग आजोबाच म्हणाले, “कळवू. माझ्यामागं कुणाला ठाऊक असणार ते कुठं घावलं?”

अर्ज मी लिहिला, अंगठा आजोबांनी केला. आणि त्या मुलाने काय केलं माहीत आहे? आजोबांना विचारून विचारून शेताचा नकाशा काढला. विहीर, बांध, आंब्याचं झाड आणि विहिरीपासून पूर्वेला चाळीस पावलांवर एक फुली. “मडकं इथं फुटलं.” तो नकाशा आम्ही अर्जाला जोडला.

नाण्यावरच्या फुलीइतकीच मला ती फुली मोलाची वाटते.

तुम्ही करून पाहा

१) घरातलं कोणतंही नाणं पातळ कागदाखाली ठेवा आणि वरून पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. छान ठसा उमटेल. अभ्यासकही नाण्यांचे ठसे असेच घेत.

२) ठशाखाली लिहा : चित्र कोणतं, कोणकोणत्या लिप्या आणि साल कोणतं. दोन हजार वर्षांनी एखाद्याला हेच नाणं सापडलं, तर त्याला आपल्याविषयी काय काय कळेल?

३) घरात जुनं नाणं असेल तर ते चिंचेने, राखेने किंवा रांगोळीने घासू नका. अक्षरं जातात. ते कुठून आलं, हे आजी-आजोबांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

आणि हो, कुणी नाणं दाखवलं की माझ्यासारखं लगेच फळ्यावर लिहू नका. आधी उलटून दुसरी बाजू बघा!